तिसऱ्या भोकाचा सूर

"हाड उलटं ठेवलंय."

हे तीन शब्द संग्रहालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दालनात, दुपारी सव्वातीनच्या सुमारास उच्चारले गेले. उच्चारणारा माणूस काचेच्या पेटीवर इतका वाकला होता, की काचेवर त्याच्या श्वासाचा रुपयाएवढा गोल डाग पडला होता. आणि जिनं सात वर्षांपूर्वी ते हाड गुहेच्या तळातून, मऊ ब्रशानं मातीचा कण न् कण झटकत बाहेर काढलं होतं, ती संशोधिका नेमकी त्याच्या पाठीमागे उभी होती.

"काय म्हणालात?"

"उलटं ठेवलंय, म्हणालो." त्यानं मान वळवली. तिशी ओलांडलेला, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेला, बोटांना तेलाचा वास. "फुंकायचं तोंड ते, बारीक बाजूचं. तुम्ही जाड बाजू वर केलीये."

"हे हाड आहे. हाडाला उलट-सुलट नसतं."

"मग पाटीवर 'बासरी' कुणी लिहिलं?"

"मी."

"आणि त्यापुढचं प्रश्नचिन्ह?"

"ते... विभागप्रमुखांनी."

"म्हणजे पाटीसुद्धा निम्मीच तुमची!" तो हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एक उभी रेघ उमटली, आणि ती आपल्या लक्षात आली याचाच तिला अधिक संताप आला.

"तुम्ही आहात कोण?"

"शेजारच्या दालनातले दोन क्लॅरिनेट दुरुस्तीला न्यायला आलोय. फुंकायची वाद्यं करतो, बिघडली की दुरुस्तही करतो. ओठ लागून लागून कड कशी गुळगुळीत होते, हे रोज बघतो. ही कड तशी आहे."

"काचेपासून दूर व्हा. श्वासाच्या ओलाव्यानं..."

"काचेच्या आत जातो ओलावा?"

"तरीही दूर व्हा!"

तो दूर झाला. जाताना मात्र पेटीकडे नाही, तिच्याकडे बघत गेला.

आता या रागाचं मूळ सांगायला हवं. गिधाडाच्या पंखाचं वीतभर लांबीचं ते पोकळ हाड तीस हजार वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यावर चार भोकं होती. संशोधिकेचं म्हणणं, ही माणसानं पाडलेली भोकं. माणूस शेती करायला शिकला त्याच्या किती तरी आधी सूर धरायला शिकला होता, याची ही साक्ष. विभागप्रमुखांचं म्हणणं, तरसानं चघळलेलं हाड, दातांची भोकं, विषय संपला. महिनाअखेरीस तीन जणांची समिती निर्णय देणार होती. पाटीवरचं प्रश्नचिन्ह गेलं, तर तिचं संशोधन उभं राहणार. 'बासरी' हा शब्द गेला, तर हाड तळघरात, तिची खोली बंद, आणि तिची सात वर्षं तरसाच्या पोटात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं हाड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. बारीक तोंडाची कड खरोखरच झिजलेली होती. तिथे दातांचे ओरखडे नव्हते, होती एक मऊ चकाकी. उंबरठ्याच्या मधोमध येते तशी. तो माणूस बरोबर होता. सात वर्षांत जे तिला दिसलं नाही, ते त्याला काचेबाहेरून दिसलं होतं!

तिनं दिवा इतक्या जोरात बंद केला, की बटणच हातात आलं.

घरी मावशी होती. मावशी निवृत्त शिवणशिक्षिका. आईच्या माघारी तिनंच हिला वाढवलं आणि लहानपणापासून 'ठिणगी' हे नावही तिनंच चिकटवलं. सगळी हकीकत ऐकून मावशीनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "मुलगा दिसायला कसा आहे?"

"मावशी! मी हाडाबद्दल बोलतेय!"

"हाडाबद्दल सात वर्षं ऐकतेय बाई. माणसाबद्दल आज पहिल्यांदाच बोललीस."

तिला त्याच्याकडे जावंच लागलं. हुबेहूब प्रतिकृती करून ती वाजवून दाखवल्याशिवाय समिती मानणार नव्हती, आणि पोकळ हाडावर हात चालवू शकेल असा दुसरा कारागीर शहरात नव्हता. प्राणिसंग्रहालयात म्हातारपणानं मेलेल्या एका गिधाडाच्या दोन्ही पंखांची हाडं तिनं रीतसर अर्ज करून मिळवली होती. एक कामाला, एक राखीव.

त्याचं दुकान एका उतरत्या गल्लीत होतं. आत लाकडाचा भुसा, बुचाचे तुकडे, तेलाच्या बाटल्या; भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या अर्धवट बासऱ्या. दारातून वारा शिरला की त्यांतली एखादी आपोआप हुंकार द्यायची.

"या," तो म्हणाला. "हाड सरळ केलंत?"

"काम करणार आहात की टोमणे मारणार आहात?"

"दोन्ही जमतं मला."

तिनं अटी घातल्या. पोलादी हत्यार चालणार नाही. भोकं गारगोटीच्या टोकानंच पाडायची. प्रत्येक भोकाचं अंतर तिच्या तक्त्याप्रमाणे, मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक. आणि ती रोज येऊन बघणार.

"रोज?"

"रोज."

"मग सावकाश करतो," तो म्हणाला, आणि तिला राग आला. पण त्या रागाला नेहमीची धार नव्हती.

गारगोटीनं हाडाला भोक पाडणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. अंगठा आणि दोन बोटांत दगड धरून तो तासन्‌तास फिरवायचा. पांढरी पूड तिच्या वहीवर उडायची. ती ओरडायची, तो फुंकर मारायचा, पूड तिच्या केसांत जायची. तिसऱ्या दिवशी ती त्याला 'अहो' म्हणायची विसरली. पाचव्या दिवशी त्याच्या तळहाताला फोड आला. तिनं रागारागानं पट्टी बांधली. "सांगता येत नाही का दुखतंय म्हणून?"

"सांगितलं असतं, तर तू 'मग आता परवाच येते' म्हणाली असतीस."

गाठ बांधताना तिची बोटं त्याच्या मनगटावर जरा जास्त वेळ रेंगाळली. दोघांनीही त्या गोष्टीची नोंद घेतली.

एका दुपारी तिनं विचारलं, "तीस हजार वर्षांपूर्वी एवढी मेहनत करून कुणी हे का केलं असेल?"

"कुणीतरी रुसलं असेल," तो म्हणाला. "मनवायला."

"हा काय शास्त्रीय विचार आहे?"

"शास्त्र तुझं. माझा फक्त अनुभव."

"किती जणींना मनवलंयस?"

"अजून एकीलाही जमलं नाही. प्रयत्न चालू आहे."

दहाव्या दिवशी त्यानं बासरी तिच्यापुढे ठेवली. "एक हाड वाया गेलं," तो खाली बघत म्हणाला. "हे दुसरं, रात्री जागून केलं."

त्यानं बारीक तोंड ओठाला लावलं. एक... दोन... तीन... चार सूर. स्वच्छ, गोड, ओळखीचे. जणू तीस हजार वर्षांपलीकडून कुणीतरी आपल्याच घरातली हाक मारली. संशोधिकेच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहू लागलं. ती हसत होती, रडत होती, आणि त्याच भरात तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिथे भुशाचा आणि तेलाचा वास होता. त्याचा हात तिच्या पाठीपर्यंत आला आणि बोटभर अंतरावर थांबला.

तो का थांबला, हे तिला सोळा दिवसांनी कळलं.

समितीची बैठक सोमवारी अकराला. शनिवारी सकाळी ती अहवालाची पानं लावत होती. मोजमापांचा तक्ता तिनं वर्षानुवर्षं न चुकता भरला होता. कुठलीही वस्तू हातात आली की आधी मोजायची, मग बघायची, ही तिची शिस्त. त्या तक्त्यात एक ओळ कोरी होती, प्रतिकृतीची. त्या दिवशी सुरांच्या भरात तिनं आयुष्यात पहिल्यांदा वस्तू आधी ऐकली होती आणि मोजायची राहून गेली होती.

तिनं सरकत्या जबड्यांचं, मापं घ्यायचं कॅलिपर उचललं. पहिलं अंतर बरोबर. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकांमधलं. मूळ हाडात सतरा पूर्णांक चार मिलिमीटर. प्रतिकृतीत एकोणीस पूर्णांक नऊ.

तिनं पुन्हा मोजलं. कॅलिपर पुसून मोजलं. पाचव्यांदा मोजलं. अडीच मिलिमीटरचा फरक जागचा हलेना.

दुकानाचं दार तिनं ढकललं तेव्हा भिंतीवरच्या साऱ्या बासऱ्या एकमेकींवर आपटल्या.

"तिसरं भोक तुम्ही हलवलंत."

'तू' गेला, 'तुम्ही' आला. त्यानं ते ऐकलं, हातातली कानस खाली ठेवली आणि सरळ उभा राहिला.

"हो."

"हो? नुसतं हो?"

"पहिली मी अगदी तुझ्या मापानं केली. वाजवली, तर तिसरा सूर खटकला. ना इकडचा, ना तिकडचा. मला वाटलं, माझाच हात घसरला, हाड वाया गेलं. दुसरी करताना... हात आपोआप सरकला. पंधरा वर्षं बेसूर वाद्यं सुरात आणतोय. हाताला तेवढंच कळतं."

"तीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला तुम्ही सूर शिकवायला निघालात?" ती ओरडली. "त्याला काय हवं होतं ते मी शोधत होते. तुम्हाला काय आवडतं ते नाही! आणि पहिली मोजून बघायचं सुचलं नाही?"

"सुचलं. तुझ्यापुढे दुसरी वाजवली, त्याच संध्याकाळी मोजली." तो थांबला. "माप बरोबर होतं. हात घसरलाच नव्हता."

"म्हणजे सोळा दिवस तुम्हाला माहीत होतं!"

"तू रडत होतीस. हसतही होतीस. त्याआधी तुला हसताना मी पाहिलं नव्हतं. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत..."

"मी ज्याच्यावर रडले ते खोटं होतं, आणि तुम्ही मला रडू दिलंत! हात पाठीपर्यंत आणलात आणि थांबलात. तेव्हाच ठाऊक होतं ना, काहीतरी चुकलंय?"

त्यानं मान खाली घातली.

"पहिली कुठे आहे? फेकून दिलीत?"

त्यानं खण उघडून ती काढली. "बिघडलेली वस्तू मी कधी फेकत नाही. कुणीच कारागीर फेकत नाही. एकच वस्तू करून थांबतो तो कारागीर कसला... आधीची, फसलेली, मोडलेली अशी एखादी खणात असतेच."

"ही मी नेतेय," ती म्हणाली. "आणि मागे येऊ नका."

विभागप्रमुखांना तिनं दुपारीच सांगितलं. गेल्या पंधरवड्यात या गृहस्थांचं मत फिरलं होतं. प्रतिकृतीचे गोड सूर ऐकल्यापासून तरस त्यांच्या बोलण्यातून पळून गेला होता आणि पत्रकार परिषद आली होती.

"अडीच मिलिमीटर?" ते हसले. "अहो बाई, समितीतलं कोण पट्टी घेऊन बसणार आहे? गोड वाजतंय ना? वाजवा आणि मोकळ्या व्हा."

"काल ते तरसाचे दात होते. आज गोड वाजतंय म्हणून बासरी झाली?" ती म्हणाली. "सर, तुम्ही हाड कधी बघितलंतच नाही. आधीही नाही आणि आताही नाही."

रविवारी घरात तिनं सगळं मोजलं. चमच्यांची लांबी, टेबलाचे पाय, खिडकीच्या गजांमधली अंतरं. मावशी सकाळपासून मुकाट्यानं बघत होती. शेवटी म्हणाली, "राग आला की बायका भांडी आपटतात. तू त्यांची मापं घेतेस. माझी भांडी सुरक्षित आहेत, याबद्दल देवाचे आभार. पण झालंय काय ते तरी सांग."

तिनं सांगितलं. मावशीनं शिवण खाली ठेवली.

"चूक मोठी आहे. रागावलीस ते योग्यच आहे," ती म्हणाली. "माझ्या वर्गातल्या पोरीही असंच करायच्या. गिऱ्हाईकाचा एक खांदा उतरता असला, की मापात तो सरळ करून टाकायच्या. कपडा दिसायला झकास! आणि अंगावर चढायचा नाही. मी म्हणायचे, अगं, माणूस जसा आहे तसा मापात घ्या, मग त्याला काय शोभतं ते बघा." ती जरा थांबली. "त्यानं पहिली बासरी फेकली नाही म्हणतेस?"

"नाही. खणात होती. म्हणे, कुठलाच कारागीर..."

ती बोलता बोलता थांबली. कुठलाच कारागीर एकच वस्तू करून थांबत नाही. मोडलेली अशी एखादी खणात असतेच.

मग त्या गुहेतल्या कारागिराचा खण कुठे होता?

सोमवारी सकाळी सातला तिनं पहारेकऱ्याला दार उघडायला लावलं. विभागप्रमुखांनी फार पूर्वी त्याच गुहेतल्या हाडांचे तुकडे, 'जनावरांनी चघळलेली' अशी चिठ्ठी लावून, तळघरातल्या एका कपाटात बंद केले होते. ते कधी कुणी मोजले नव्हते, तिनंही नाही. चिठ्ठीवर तिनं विश्वास ठेवला होता! या विचारानं आलेला संताप तिला अकरा खण पुरला. बाराव्या खणात, एका खोक्याच्या तळाशी, गिधाडाच्या पंखाच्या हाडाचा बोटभर तुकडा होता. दोन्ही टोकांना मोडलेला. त्यावर दोन भोकं.

तिनं त्या दोन भोकांमधल्या अंतराला कॅलिपर लावलं.

सतरा पूर्णांक चार.

अकरा वाजता तिनं समितीपुढे चार वस्तू मांडल्या: मूळ हाड, गोड बासरी, खटकणारी बासरी आणि तो तुकडा. आधी तिनं चूक सांगितली. गोड बासरी खोटी आहे आणि ती न मोजण्याचा दोष माझा आहे, हे स्पष्ट शब्दांत. विभागप्रमुखांनी कपाळाला हात लावला. मग तिनं तुकडा पुढे सरकवला.

"तरस एकदा चावू शकतो," ती म्हणाली. "दोन वेगळ्या हाडांवर, दहाव्या भागापर्यंत तेच अंतर राखून चावत नाही. हा सूर त्याला हवा होता. आपल्याला गोड लागो न लागो."

आणि तिनं ती खटकणारी, मापानं खरी बासरी स्वतः फुंकली. तिला वाजवता येत नव्हतं. दोनदा नुसतीच हवा गेली. तिसऱ्यांदा सूर आला. सुखाचा नाही, दुःखाचाही नाही. दरीपलीकडे निघून गेलेल्या कुणाला तरी रागावून हाक मारावी आणि तो वळावा अशी आशाही ठेवावी, तसा. मग समितीतल्या सर्वांत वयोवृद्ध सदस्यानं हात पुढे केला. "कॅलिपर द्या इकडे." त्यानं स्वतः दोन्ही अंतरं मोजली, दोनदा.

दुपारी पाटीवरचं प्रश्नचिन्ह निघालं. हाडही सरळ ठेवलं गेलं.

संध्याकाळी चारला ती त्या उतरत्या गल्लीत आली. वारा होता. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. मागे येऊ नका म्हटल्यावर तो खरोखर आला नव्हता.

"प्रश्नचिन्ह गेलं," ती म्हणाली. "दुसरा तुकडा सापडला. तुमच्या त्या खणाच्या बोलण्यावरून." आणि लगेच पुढे, "पण मी अजून रागावलेली आहे."

"रागावायलाच हवं."

"हां जी हां जी नकोय मला!" तिनं बासरी पुढे केली. "वाजवा. खरी."

तो उठला. वाजवणाऱ्याला ओठाच्या दाबानं सूर थोडा वर-खाली ओढता येतो, हे तिला आता ठाऊक होतं. ती डोळ्यांत तेल घालून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. पहिला सूर, दुसरा... तिसरा आला. त्यानं तो ओढला नाही. सावरला नाही. जिथे होता तिथेच, तसाच खटकत राहू दिला, श्वास संपेपर्यंत. आतल्या भिंतीवरची एक अर्धवट बासरी वाऱ्यानं हुंकारली.

"आता खटकत नाही," तो हळूच म्हणाला. "खणातून तू नेलीस, त्या दिवसापासून कानात हाच आहे. सोळा दिवस गप्प बसलो... त्याला माफी नाही. तुझ्या हसण्यासाठी मी काहीही हलवलं असतं ठिणगी, आणि तेच चुकलं."

"ठिणगी कुणी सांगितलं?"

"मावशी येऊन गेल्या दुपारी. 'माझ्या मुलीचं माप नीट घ्या' म्हणाल्या."

तिनं ओठ घट्ट आवळले. हसू आत कोंडण्यासाठी असावं.

"एक अट," ती म्हणाली. "मला गोड वाटावं म्हणून यापुढे काही हलवायचं नाही."

"मिलिमीटरभरही नाही." तो थांबला. "राग किती उरलाय... विचारू?"

तिनं पिशवीतून कॅलिपर काढलं आणि त्याचे जबडे चांगले चार बोटं उघडले. "एवढा."

त्याचा हात पुढे आला, कॅलिपरपाशी पोचला आणि थांबला. "मी हलवणार नाही," तो म्हणाला. "आत्ताच कबूल केलंय."

मग दोघंही तसेच उभे राहिले. मध्ये ते उघडं कॅलिपर. तिनं त्याच्याकडे बघितलं. गालावरची ती उभी रेघ आज नव्हती. तळहातावर फोडाचा जुना डाग होता, आणि तो हात वाट बघत होता. तिनं अंगठ्यानं जबडा हळूहळू आत सरकवला. तीन बोटं... दोन... एक... आणि मिटता मिटता थांबवला.

तो वाकून आकडा वाचू लागला. "अडीच मिलिमीटर."

"तेवढा राहील," ती ठणकावून म्हणाली. "जन्मभर."

त्यानं मान वर केली. ती रेघ गालावर परत आली होती.

"जन्मभर?" त्यानं विचारलं.

आपण काय बोलून गेलो ते तिला तेव्हा कळलं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, कानशिलं तापली.

"...एकच माप दोनदा घ्यायची सवय आहे का रे तुला?" ती चिडून म्हणाली. "सांगितलं ना एकदा!"